मेंबरच्या मेव्हण्याला ठेका मिळाला: तक्रार करण्याआधी आणि केल्यानंतर

"साहेब, गटारीचं काम मेंबरच्या मेव्हण्याला दिलंय. मेंबरला घरी बसवायचं. अर्ज लिहून द्या."

पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून नोकरी केली तेव्हाही हे वाक्य ऐकलं आणि निवृत्तीनंतर ओसरीवर बसून लोकांचे अर्ज वाचून देतो तेव्हाही ऐकतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पैसे कुणाच्या खात्यात गेले? समोरचा बहुतेक वेळा गप्प होतो. मेव्हणा कोण, तो कुणाच्या गाडीतून फिरतो, निवडणुकीत त्याने किती पळापळ केली, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. देयक, म्हणजे कामाचं बिल, मात्र त्याने पाहिलेलं नसतं.

ज्यांनी अशी तक्रार कधी केलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांच्यावर तक्रार झाली आहे, त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. मुख्यतः ग्रामपंचायतीविषयी सांगेन, कारण तिथलं मी जवळून पाहिलं आहे आणि वकील लावायची ऐपत नसलेली माणसं तिथेच जास्त असतात.

आधी कलम वाचा, मग राग काढा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४ मध्ये सदस्य कोण होऊ शकत नाही आणि सदस्य म्हणून कोण राहू शकत नाही, याची यादी आहे. त्यातला पोटकलम (१) चा खंड (ग) आपल्या कामाचा. त्याचा आशय असा: पंचायतीच्या आदेशाने केलेल्या कोणत्याही कामात, पंचायतीशी झालेल्या, तिने केलेल्या किंवा तिच्या वतीने झालेल्या कोणत्याही करारात, किंवा पंचायतीच्या नोकरीत ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, काही हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो सदस्य असू शकत नाही.

हे वाक्य कागदावर लिहून काढा आणि त्याचे तुकडे पाडा. काम किंवा करार पंचायतीचा आहे का? त्यात हिस्सा किंवा हितसंबंध कुणाचा? तो सदस्याचा स्वतःचा की त्याच्या भागीदाराचा? आणि तो आज आहे का? प्रत्येक तुकड्यासमोर एक कागद ठेवता आला पाहिजे. एखाद्या तुकड्यासमोर नुसतं "गावात सगळ्यांना माहीत आहे" एवढंच लिहावं लागत असेल, तर अर्ज अजून तयार नाही.

पहिला तुकडा वाटतो तितका सोपा नाही. गावातला प्रत्येक रस्ता पंचायतीचा नसतो. एखादं काम जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग करतो, एखादं सार्वजनिक बांधकाम खातं, एखादं आमदार निधीतून येतं आणि त्याची कार्यान्वयन यंत्रणा भलतीच असते. सदस्याने जिल्हा परिषदेच्या कामाचा ठेका घेतला आणि पंचायतीचा त्या कामाशी काही संबंध नसला, तर खंड (ग) तिथवर पोचत नाही. म्हणून कार्यारंभ आदेश, म्हणजे काम सुरू करा असा ठेकेदाराला दिलेला लेखी आदेश, कुणाच्या सहीचा आहे ते सगळ्यात आधी बघा. अर्धे अर्ज इथेच गळतात, आणि ते सुनावणीत गळण्यापेक्षा तुमच्या ओसरीवर गळलेले बरे.

नातं म्हणजे हितसंबंध नव्हे

लोकांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून इथे थोडं थांबतो.

कायद्यात शब्द आहे भागीदार. तो धंद्यातला भागीदार. बायको, नवरा, मुलगा, भाऊ, मेव्हणा, साडू हे शब्द त्या खंडात नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही १९६० च्या दशकातच जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नगरपालिका कायद्याखालच्या एका प्रकरणात हा मुद्दा तपासला. नगरसेवकाचा मुलगा नगरपालिकेत नोकरीला होता. न्यायालयाने सांगितलं की केवळ रक्ताचं नातं आहे म्हणून बापाचा त्या नोकरीत हितसंबंध आहे असं धरता येणार नाही. त्या नोकरीत किंवा करारात त्याचा स्वतःचा हितसंबंध आहे हे दाखवावं लागेल.

मग नातेवाइकांच्या नावावर ठेके घ्यायला रान मोकळं आहे का? तसं नाही. "अप्रत्यक्ष" हा शब्द त्यासाठीच घातलेला आहे. ठेका मुलाच्या नावावर, पण सिमेंट सदस्याच्या दुकानातून उधारीवर आलं, सेंट्रिंगच्या फळ्या सदस्याच्या, मजुरांचा पगार सदस्याने दिला आणि देयकाचा धनादेश वटला तो बापलेकांच्या संयुक्त खात्यात, तर मुलगा नावापुरता आहे असं म्हणायला जागा आहे. प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर लहान असते. माळ ओवली की तिला वजन येतं.

एकच शिधापत्रिका हा पुरावा आहे, पण एकटी ती पुरत नाही. एकत्र राहणारी माणसं वेगवेगळे धंदे करू शकतात. उलट वेगळी शिधापत्रिका असली म्हणजे व्यवहार वेगळा असतो असंही नाही. चूल कुणाची यापेक्षा गल्ला कुणाचा हे शोधा.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे नवऱ्याने पंचायतीचं काम घेतलं आणि बायको पंच असली, तर तो प्रश्न महाराष्ट्रापेक्षा जड होतो. आधार मात्र गोवा पंचायत राज कायद्याचा घ्यायचा, महाराष्ट्राची कलमं तिथे लावू नका.

कायद्याने काय वगळलं आहे

काही गोष्टींमुळे कुणी अपात्र ठरत नाही, असं अधिनियमातच स्पष्ट केलेलं आहे. कंपनीत किंवा नोंदणीकृत सहकारी संस्थेत नुसता भागधारक असणं, पंचायतीची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात हिस्सा असणं, पंचायतीच्या वतीने वकील म्हणून काम पाहणं, पंचायतीने उभारलेल्या कर्जाशी संबंध असणं, हे सगळं त्यात येतं. जागेच्या भाडेपट्ट्याला आणि खरेदीविक्रीलाही त्यात अटींसह सूट आहे. सदस्य ज्या मालाचा नेहमी व्यापार करतो त्याची प्रसंगी झालेली किरकोळ विक्री, कायद्यात दिलेल्या अगदी छोट्या मर्यादेपर्यंत, हीसुद्धा सोडलेली आहे. ही मर्यादा इतकी लहान आहे की चार दिव्यांच्या विक्रीपलीकडे ती कुणाला वाचवणार नाही. तरीही अर्ज करण्याआधी ती ओळ वाचून घ्या.

यातली मजूर सहकारी संस्थेची बाजू नीट समजून घ्यायला हवी. अनेक कामं मजूर संस्थांच्या नावावर निघतात. सदस्य त्या संस्थेचा सभासद आहे एवढ्यावर काही होत नाही. पण संस्थेने कागदावर काम घेतलं आणि आतून ते त्याच सदस्याला करायला दिलं, तर तो भागधारकाच्या आडोशाला बसू शकत नाही. ते सिद्ध करायला संस्थेची रोकड वही, आगाऊ रकमेच्या पावत्या, ठराव असं काहीतरी हाती लागावं लागतं. ते मिळत नसेल तर हा मुद्दा अर्जात मुख्य म्हणून घेऊ नका.

कागद कुठून आणायचे

सुरुवात फुकटच्या जागेपासून करा. ई-ग्रामस्वराज हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ २०२० पासून सुरू आहे. त्यावर तुमच्या गावाचा आराखडा आणि कोणत्या कामावर किती खर्च दाखवला आहे, हे पाहायला मिळतं. कामाचं नाव तिथे जसं लिहिलं आहे तसंच्या तसं उतरवून घ्या. "शाळेजवळची गटार" असं माहिती मागितलीत तर "असे काम अभिलेखात आढळत नाही" हे उत्तर येईल, आणि ते खोटंही नसेल.

नंतर माहितीचा अधिकार. साध्या अर्जावर १० रुपयांचं शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा. म्हणून "गेल्या पाच वर्षांचा सगळा कारभार द्या" असा अर्ज कधीच करू नका. एका कामासाठी एक अर्ज. त्यात हे मागा: मासिक सभेच्या ठरावाची प्रत, अंदाजपत्रक, मागवलेली दरपत्रकं किंवा निविदा, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप वहीची संबंधित पानं, देयक, प्रमाणक (व्हाउचर), धनादेश किंवा ऑनलाइन रक्कम ज्याच्या नावे गेली त्याची नोंद, आणि सामान्य रोकड वहीचं, म्हणजे नमुना ५ चं, त्या तारखेचं पान.

दरपत्रकं मागायला विसरू नका. तीन दुकानांची तीन दरपत्रकं असतात आणि तिन्हींवर एकच अक्षर असतं, असं मी पाहिलेलं आहे. त्यावरून हितसंबंध सिद्ध होत नाही, पण पुढची वाट दिसते.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. प्रती पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील पंचायत समितीत, आणि तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे वेळ लागतो. पण अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि तिथल्या सुनावणीत "मी हे कागद मागितले होते, ते दिले गेले नाहीत, ही माझी पोच" एवढं दाखवता आलं, तरी ते कागद तिथे मागवून घेण्याची विनंती करता येते. म्हणून पोच सांभाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पावसाळ्यात पत्रा गळतो.

आणखी एक सोय फार जण वापरत नाहीत. जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं राज्य शासनाचं २०१८ चं परिपत्रक आहे. नक्कल मागण्याआधी वही डोळ्यांखालून घातली, तर नेमकं कोणतं पान हवं ते कळतं.

आता देयक हातात आलं असं धरू. त्यावर दुकानाचं नाव असेल, "श्री गणेश ट्रेडर्स" छापाचं. त्यावरून मालक कळत नाही. देयकावर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका. लॉगिन न करताही त्या क्रमांकाचं कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख आणि धंदा एकट्याच्या मालकीचा आहे की भागीदारीचा, हे दिसतं. एकट्याच्या मालकीचा असेल तर कायदेशीर नावाच्या जागी माणसाचंच नाव येतं. एका गावात पथदिव्यांच्या देयकांवरून वर्षभर भांडण चालू होतं, साक्षी-पुरावे जमवणं चालू होतं. शेवटी एका कॉलेजच्या पोराने मोबाइलवर तो क्रमांक टाकला आणि दुकानाच्या मालकाच्या जागी सदस्याचंच नाव निघालं. त्या पानाची छापील प्रत काढताना तारीख आणि वेळ खाली येईल अशी काढा.

भागीदारी संस्था असेल तर नोंदणीच्या दाखल्यावर भागीदारांची नावं असतात. कंपनी असेल तर संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतात. जेसीबी, ट्रॅक्टर, टँकर यांच्या देयकावर वाहन क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. आणि निवडणुकीच्या वेळी उमेदवाराने भरलेलं मालमत्तेचं घोषणापत्र तहसीलमधून मिळवा. सदस्याने स्वतः त्यात "ट्रॅक्टर, क्रमांक अमुक" असं लिहिलेलं असतं आणि तोच क्रमांक मुरूम वाहतुकीच्या देयकावर असतो. याच्याइतका सोपा पुरावा दुसरा नाही, कारण तो सदस्यानेच सही करून दिलेला आहे.

खाजगी बँक खात्याचे उतारे माहिती अधिकारात मिळत नाहीत, ते मागत बसू नका. पंचायतीच्या खात्यातून पैसे कुणाला गेले, हे मात्र सार्वजनिक पैशाचं आहे आणि ते पंचायतीच्याच वहीत आहे.

एक सावधगिरी. सरपंचाच्या नावे निघालेली प्रत्येक रक्कम ठेक्याची नसते. मानधन असतं, बैठकीचा भत्ता असतो, पाण्याची मोटर रात्रीत जळाली म्हणून खिशातून भरलेले पैसे परत घेतलेले असतात. त्या रकमेमागचं प्रमाणक पाहिल्याशिवाय बोट दाखवू नका.

तारखा

तारखांचा एक वेगळा कागद करा. सदस्य कधी निवडून आला, काम कधी दिलं, कधी पूर्ण झालं, शेवटचे पैसे कधी गेले. कलमाची भाषा वर्तमानकाळातली आहे. निवडणुकीच्या आधीच काम संपून हिशेब पूर्ण मिटला असेल, तर जुना ठेकेदार म्हणून त्याला अडवता येणं कठीण. काम अर्धं राहिलं असेल, देयक येणं बाकी असेल, तर बोलायला जागा आहे. सदस्य झाल्यानंतर काम घेतलं असेल तर प्रश्नच नाही. "आता पैसे परत भरले" असं उत्तर आलं तरी गांगरू नका. हितसंबंध कधी निर्माण झाला हे कागदावर राहतंच.

अर्ज कसा लिहावा

कलम १६ सांगतं की सदस्य अपात्र ठरला आहे का, हा प्रश्न जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा कोणत्याही व्यक्तीच्या अर्जावरून निर्णयासाठी घेऊ शकतात. कोणतीही व्यक्ती, म्हणजे तुम्ही सदस्य नसलात, हरलेले उमेदवार नसलात, तरी चालतं. याला बोलीत "विवाद अर्ज" म्हणतात आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयातल्या ग्रामपंचायतीचं काम पाहणाऱ्या शाखेत द्यायचा. प्रती किती, कोर्ट फी तिकीट किती रुपयांचं, शपथपत्र कोणत्या नमुन्यात, हे आदल्या दिवशी शाखेत जाऊन विचारून या. शाखेतले लिपिक सांगतात. नीट विचारलं तर बहुतेक जण सांगतात.

अर्जात विशेषणं नकोत. "भ्रष्ट", "लुटारू", "गावाला वेठीस धरणारा" असं लिहिलं की वाचणाऱ्याला राजकारणाचा वास येतो आणि तुमचा खरा मुद्दाही पातळ होतो. मी लिहून देतो तो मजकूर साधारण असा असतो (सामनेवाले म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो सदस्य):

"सामनेवाले हे दिनांक अमुक रोजी मौजे अमुक ग्रामपंचायतीचे सदस्य म्हणून निवडून आले आहेत. ग्रामपंचायतीने दिनांक अमुकच्या ठराव क्रमांक अमुकने पथदिवे साहित्य खरेदी केले. त्यापोटी दिनांक अमुक रोजी रुपये अमुक इतकी रक्कम अमुक नावाच्या दुकानास अदा केली (दस्त क्रमांक ३). सदर दुकानाचे मालक सामनेवाले हेच आहेत (दस्त क्रमांक ४). सबब सामनेवाले यांचा ग्रामपंचायतीच्या करारात प्रत्यक्ष हितसंबंध असून ते कलम १४(१)(ग) अन्वये सदस्य म्हणून चालू राहण्यास अपात्र ठरतात. कलम १६ अन्वये तसे जाहीर व्हावे."

एवढंच. प्रत्येक विधानामागे कंसात दस्ताचा क्रमांक. अर्ज दोन पानांचा झाला तर उत्तम, सहाच्या वर गेला तर पुन्हा वाचून काढा. एकाच अर्जात अतिक्रमण, तीन अपत्यं, थकीत घरपट्टी आणि ठेका असं सगळं कोंबू नका. ती प्रत्येक वेगळी अपात्रता आहे आणि प्रत्येकीचा पुरावा वेगळा असतो. कमकुवत मुद्दा बळकट मुद्द्याला खाली ओढतो.

ग्रामसभेत आधी प्रश्न विचारावा का? विचारावा, असं माझं मत आहे. कायद्याने ती अट नाही. पण कधी कधी तिथेच उत्तर मिळतं आणि शंका फिटते. नाही मिळालं तर इतिवृत्तात नोंद राहते.

दुसऱ्या संस्था, दुसऱ्या वाटा

नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल तर नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम बघा, त्यातलं कलम १६ आणि ४४. तिथे आणखी एक धारदार तरतूद आहे: ज्या विषयात स्वतःचा किंवा भागीदाराचा कलमात सांगितलेला हितसंबंध आहे, त्याच्या बाजूने सभेत मत दिलं तरी नगरसेवक अपात्र ठरू शकतो. म्हणून तिथे सभेचं इतिवृत्त सगळ्यात मोलाचं. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्यांचा प्रश्न विभागीय आयुक्तांकडे जातो. महानगरपालिकेत वाट पूर्ण वेगळी आहे, प्रकरण न्यायाधीशापुढे जातं आणि ते नेण्याचा अधिकारही मर्यादित लोकांना आहे, तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

पैसे खाल्ले, काम न करता देयक काढलं, ही तक्रार वेगळी. तिच्यासाठी ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ३९ आहे: कर्तव्यात गैरवर्तन केलं म्हणून सदस्याला किंवा सरपंचाला पदावरून दूर करण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांना, आणि चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत. लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४ हा क्रमांक. हितसंबंधाच्या अर्जात चोरी सिद्ध करावी लागत नाही, हे ध्यानात घ्या. काम उत्तम झालं, दर योग्य होता, तरी सदस्याने ते स्वतः घेतलं असेल तर तो अपात्र ठरू शकतो. "काम चांगलं केलंय की" हे उत्तर इथे चालत नाही, आणि "काम निकृष्ट आहे" या आरोपाचीही इथे गरज नाही.

सुनावणीत

नोटीस निघते, सामनेवाला लेखी म्हणणं देतो, गटविकास अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला जातो, मग युक्तिवाद. शक्यतो ६० दिवसांत निर्णय द्यावा असं ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ मध्ये आहे. "शक्यतो" या शब्दात बऱ्याच तारखा मावतात. तोवर तो सदस्य सदस्यच असतो, सभेला बसतो, मत देतो. याचा गावात फार त्रास होतो. "अर्ज केला, काही झालं नाही" अशी कुजबुज सुरू होते. धीर धरा, प्रत्येक तारखेला हजर राहा. अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज निकाली निघाल्याचं पाहिलं आहे, आणि त्यातला पुरावा चांगला होता.

गटविकास अधिकाऱ्यांच्या अहवालाची प्रत मागून घ्या. अहवाल तुमच्या विरुद्ध असेल तर चिडू नका, त्यातलं कोणतं विधान कोणत्या दस्ताशी जुळत नाही तेवढं एका पानावर लिहून द्या. साक्षीदारापेक्षा कागदावर भर द्या. गावातला साक्षीदार शेवटी त्याच गावात राहायला जातो. त्याच्यावर दबाव येतो, आणि तो फिरला म्हणून त्याला दोष देता येत नाही.

तक्रार तुमच्यावर झाली असेल तर

पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्यांना, विशेषतः राखीव जागांवरून आलेल्या बायांना, हे अर्ज हत्यारासारखे वापरलेले मी पाहिले आहेत. पाच वर्षं कारभार करू द्यायचा नाही, म्हणून एकामागून एक विवाद अर्ज. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचाला अतिक्रमणाच्या आरोपावरून अपात्र ठरवलेलं सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. निवडून आलेल्या बाईला काढण्याची बाब यंत्रणेने किती हलक्याने घेतली, यावर न्यायालयाने स्पष्ट नाराजी नोंदवली. उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांच्या २०१२ सालच्या प्रकरणातही त्याच न्यायालयाने सांगितलं होतं की लोकांनी निवडलेल्या माणसाला पदावरून काढणं ही गंभीर गोष्ट आहे आणि त्यासाठी नैसर्गिक न्यायाची तत्त्वं काटेकोर पाळली पाहिजेत. तक्रार करणाऱ्यांनीही हे निकाल लक्षात ठेवावेत. गावाने दिलेलं मत पुसायला तुम्ही निघाला आहात, तेव्हा पुरावा तेवढ्या तोलाचा हवा.

नोटीस आली की घाबरून पैसे परत भरायला धावू नका आणि गप्पही बसू नका. मुदतीत लेखी म्हणणं द्या. दुकान नवऱ्याचं असेल तर त्याचा स्वतंत्र परवाना, स्वतंत्र खातं, स्वतंत्र विवरणपत्रं जोडा. ठरावाच्या वेळी तुम्ही विरोध केला असेल किंवा गैरहजर असाल तर इतिवृत्त जोडा. तुम्हाला ऐकून घेतल्याशिवाय तुमच्याविरुद्ध आदेश देता येत नाही, हे कलम १६ मध्येच लिहिलेलं आहे.

आणि निवडून आल्या आल्या एक काम करा. तुमचा, नवऱ्याचा, मुलांचा कोणता धंदा पंचायतीच्या खरेदीत येऊ शकतो, ते एका कागदावर लिहून ग्रामसेवकांकडे, ज्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, त्यांच्याकडे पोच घेऊन द्या, आणि त्या दुकानातून पंचायतीने काही घेऊ नये असं त्यातच लिहा. असा कागद कुणी मागत नाही. मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या फार थोड्यांनी दिला. ज्यांनी दिला, त्यांच्यापैकी एका ताईंवर पुढे अर्ज झाला तेव्हा पहिल्याच तारखेला त्यांनी तो कागद पुढे ठेवला.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. दरपत्रक समोर आलं आणि ते सदस्याच्या दुकानाचं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच वेळी टिपणीत लिहा. गाव लहान असतं, सरपंचाशी रोज गाठ असते, हे सगळं मला माहीत आहे. तरी लिहा. नंतर चौकशीत पहिली सही तुमचीच तपासली जाते.

निर्णय लागला त्या दिवशी

निकाल कुणाच्याही बाजूने लागो, त्याच दिवशी शाखेत नक्कलेचा अर्ज टाका. कलम १६ खालचं अपील राज्य शासनाकडे असतं, प्रत्यक्षात ते विभागीय आयुक्तालयात चालतं, आणि त्याची मुदत १५ दिवसांची आहे. हे १५ दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजतात. नक्कल पोस्टाने घरी येईल, मग बघू, असं म्हणणाऱ्यांची मुदत पोस्टातच संपते. त्या पुढची पायरी उच्च न्यायालयाची. आपला जिल्हा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर की ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंच यांपैकी कुठे येतो ते विचारून ठेवा, आणि तिथे जाताना आतापर्यंतचा प्रत्येक कागद क्रमाने लावलेली एकच फाइल घेऊन जा, पहिल्या पानावर तो तारखांचा तक्ता लावून.